‘माझ्याविषयी’ हे पान

४ जानेवारी

वरची ओळ मुद्दाम रिकामी सोडली आहे. ‘प्रिय’ लिहिलं तर तू म्हणशील नाटक करतायत, आणि नुसतं नाव लिहिलं तर नोटीस आल्यासारखं वाटेल. तिथे काय असावं ते तुझं तू समजून घे.

तिथले साहेब पाकिटं फोडून वाचतात असं तुझ्या आईने सांगितलं, तेव्हा आधी त्यांना नमस्कार. साहेब, आत फक्त निवडुंग आहेत.

कामाचं बोलतो. डेपोतून निवृत्त झाल्यापासून मी घरात नुसता मधे मधे करतो, असं तुझ्या आईचं म्हणणं. तिने मला वाचनालयातल्या कॉम्प्युटरच्या वर्गाला घातलं. वर्गात सगळी पिकली पानं, आणि शिकवणाऱ्या बाई तुझ्याहून लहान. त्यांनी प्रत्येकाला आपल्या छंदाची वेबसाइट करायला लावली. मी गच्चीतल्या निवडुंगांची केली. नवीन माणसाला घरी निवडुंग लावायचा असेल तर काय करायचं, एवढाच विषय.

करताना नाकी नऊ आले, पण झाली. आता बाई म्हणतात, कुणाला तरी दाखवा, तो जे बोलेल ते ऐकून घ्या आणि उलट उत्तर देऊ नका. शेजाऱ्यांना दाखवली, ते ‘छान छान’ म्हणून चहा पिऊन गेले. तुझ्या आईने ‘ते लाल काय पळतंय’ एवढंच विचारलं. या घरात वेबसाइटचं काम येणारा माणूस एकच. तुझं पोट त्यावरच चालायचं.

तुला तिथे कॉम्प्युटरचा पडदा नाही, म्हणून सगळी पानं छापून पाठवतोय. वाचनालयाचा प्रिंटर काळा-पांढराच छापतो. जिथे काही हलतं किंवा वाजतं तिथे मी पेनाने बाजूला लिहिलंय. पहिल्या पानावर ‘सुस्वागतम्’ उजवीकडून डावीकडे धावतं. फूल गोल फिरतं. बटण दाबलं की बसचा हॉर्न वाजतो, तो मी डेपोत जाऊन खरा भरून आणला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर तू जे बोललास ते मी विसरलेलो नाही. भेटायच्या यादीतून माझं नाव काढलंस तेही माहीत आहे. हे पत्र त्याबद्दल नाही. पेन्सिलने खुणा कर आणि सोबतच्या पाकिटात घालून धाडून दे. पत्ता घातलाय, तिकीट लावलंय. बोलायची गरज नाही.

— तुझ्या आईचा नवरा


२ फेब्रुवारी

पानं परत आली. पाकीट हातात पडलं तेव्हा मी जिन्यातच बसलो. वरचा भाडेकरू विचारत होता, काका बरं नाही का. मी म्हटलं, एकदम ठणठणीत.

तू सोडलं काहीच नाहीस. धावणाऱ्या ‘सुस्वागतम्’शेजारी लिहिलंयस, ‘धावतं? मग वाचायचं कसं?’ फिरणाऱ्या फुलावर फुली. हॉर्नवर फुली. मागे निवडुंगाचा फोटो टाकून त्यावर मी अक्षरं लिहिली होती, तिथे ‘काट्यांतून अक्षरं वेचावी लागतात’. आणि शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत, ‘पाणी किती घालायचं ते कुठे लिहिलंय? शोधून दमलो.’

खरं सांगायचं तर आधी डोकं फिरलं. हॉर्नसाठी मी डेपोत तासभर ताटकळलो होतो. तुझ्या आईला म्हटलं, बघ कसा टोचून बोलतो. ती म्हणाली, तुम्हीच मागितलं होतंत ना, मग आता घ्या. तिच्याकडे मी कधी ‘त्याला हे सांग, ते सांग’ म्हटलं की ती म्हणते, मी काही तुमची टपालपेटी नाही. दर रविवारी ती तुला भेटून येते, मी बसस्टॉपवर तिची वाट बघतो, आणि परतीच्या वाटेवर ती तुझ्या तब्येतीबद्दल सांगते, बाकी अवाक्षर नाही.

राग गेल्यावर पान पुन्हा बघितलं. पाण्याची गोष्ट खरीच तळाला, तीन जातींच्या लॅटिन नावांखाली गाडली गेली होती. ज्याचा निवडुंग कुजायला लागलाय तो बिचारा माझी लॅटिन वाचत बसणार का? आता पाणी सगळ्यात वर आणलंय. मागचा फोटो काढला, पांढऱ्यावर काळं केलं. फूल थांबवलं. हॉर्नसुद्धा काढला. बाई म्हणाल्या, काका, कुणी सांगितलं तुम्हाला हे? मी म्हटलं, आहे एक जाणकार.

नवी पानं पाठवतोय. माझी बाजू मांडत नाही, कारण उलट उत्तर द्यायचं नाही असा नियम आहे. पण हॉर्न चांगला होता.


१ मार्च

याही वेळी पानं भरून आली. तू लिहिलंयस, ‘पान अंगाला फार घट्ट बसलंय, दोन्ही बाजूंना जागा सोडा, शिलाईला जागा लागते.’ मला हसू आलं. बाजूला जागा सोडली आणि पान खरंच मोकळं झालं. ‘फोटो आधी, बोलणं नंतर’ हेही केलं. ‘एका पानावर एकच काम’ हे तर मी कागदावर लिहून पडद्याला चिकटवलंय.

पण एका ठिकाणी अडलोय. ‘कुंडी कशी निवडावी’ या शब्दांखाली रेघ आहे. त्यावर बोट ठेवलं की कुंड्यांचं पान उघडतं, हे वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलं. तिथे तू लिहिलंयस, ‘या शब्दांखाली रेघ का मारली? चूक आहे का?’

हे मी बाईंना दाखवलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, काका, हे लिहिणाऱ्याने आयुष्यात वेबसाइट पाहिलेली नाही. त्यांना वाटलं आपण चांगली गोष्ट सांगतोय. असाच माणूस शोधावा लागतो, म्हणाल्या, सगळं येणारा माणूस काय उपयोगाचा, तो चुकीच्या दारातूनही बरोबर आत शिरतो.

घरी येऊन सगळ्या खुणा पुन्हा एकेक करून बघितल्या. ठसठशीत, सुटी सुटी अक्षरं, दुकानाच्या पाटीवर असतात तशी. हे तुझं अक्षर आहे की नाही ते मला सांगता येईना. शाळा सुटल्यावर तुझं अक्षर मी पाहिलंच कुठे, तू सगळं टाइप करायचास. बापाला मुलाचं अक्षर ओळखता येत नाही ही शरमेची गोष्ट आहे, पण आहे ती अशी आहे.

तुझ्या आईला ओळखता आलं असतं, पण पानं मी तिच्यापासून जपून ठेवली होती. ती माझ्याकडे आलेली होती ना. आता दाखवायची हिंमत होत नाही.

म्हणून सरळ विचारतो. ही पानं कोण बघतं?


२४ मार्च

उत्तर मिळालं. पानामागे लिहिलेलं होतं. तुला ते माहीत असेल किंवा नसेल, म्हणून जसंच्या तसं उतरवतो.

‘काका, मी टेलर. तुमच्या मुलाच्या खोलीत असतो. तुमचं टपाल आलं की तो बघत नाही, बाजूला सारतो. पहिल्या वेळी टाकून देत होता. मी म्हटलं, मागून कोरे असलेले एवढे कागद टाकतोस कशाला, मला दे. वाचायला लागलो तर आवडलं. तुम्ही खुणा करा म्हणाला होतात, त्या मी केल्या. कपड्याचं कसं, घालणाऱ्याला कुठे टोचतंय ते विचारावं लागतं, तसं समजून लिहिलं. तुम्हाला फसवायचं मनात नव्हतं. माफी असावी. एक सांगतो, मला मनात वाचता येत नाही, मोठ्यानेच वाचावं लागतं. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. उठून जात नाही. परवा त्या लॅटिन नावाशी झटापट चालली होती, तर भिंतीकडूनच नीट करून सांगितलं.’

टेलरमास्तर, माफी कसली मागता. तुमच्यामुळे माझी साइट माणसात आली. हेही मोठ्याने वाचा. सावकाश वाचा.

आता तुझ्याशी बोलतो, भिंतीकडे तोंड असलेल्याशी.

मी सगळे दिवस समजत होतो की आपलं बोलणं सुरू झालंय. दर वेळी पाकीट आलं की तुझ्या आईला म्हणायचो, चिरंजिवांचा शेरा आला. तिला सगळं ठाऊक होतं. तू माझं टपाल बघत नाहीस हे तिला रविवारी कळायचं, आणि माझा चेहरा बघून तिच्याने सांगवत नव्हतं. हे तिने काल कबूल केलं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. रागही आला, पण कुणावर काढायचा?

कोर्टाबद्दल बोलणार नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तो शब्द मोडतो. तुझ्या वकिलांनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं की काका, तुम्ही काहीच करायचं नाही, मुलगा संध्याकाळी घरीच होता एवढंच म्हणायचं. गाडी कुणी पळवली असेल, बाकी आम्ही बघतो. मी आयुष्यभर बस चालवली. सायकलवाला डाव्या हाताला कसा येतो, त्याचं लक्ष कधी नसतं, हे मला झोपेतही सांगता येईल. तू त्या सायकलवाल्याला मुद्दाम उडवलं नाहीस हे मला माहीत आहे. त्याच्या बायकोलाही कधीतरी कळेल. पण तू थांबला नाहीस. तू गाडी आणून आवारात लावलीस, पुढचा दिवा फुटलेला, आणि वर येऊन हात धुतलेस. तो माणूस रस्त्यात पडून होता. कुणी वेळेवर उचललं असतं तर जगला असता असं डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं. तेव्हा मला विचारलं, आणि मी म्हटलं, गाडी माझा मुलगाच चालवत होता.

ते पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की तू जेवायला नसतोस. दोन माणसांचं जेवण करायची तुझ्या आईला अजून सवय झालेली नाही, रोज काहीतरी उरतं.

पायऱ्यांवर तू म्हणालास, ‘आजपासून तुम्हाला मुलगा नाही असं समजा.’ मी समजून बघितलं. जमत नाही.


१९ एप्रिल

टेलरमास्तरांचा शेरा आला. साइट आता अंगाला बसली म्हणतात, पण एक उणीव दाखवली आहे. ‘हे सगळं सांगतंय कोण? माणूस दिसत नाही. दुकानात मास्तरच नसेल तर कापड कोण देईल?’ बाईही तेच म्हणाल्या. प्रत्येक साइटवर ‘माझ्याविषयी’ नावाचं एक पान असतं, ते मी टाळलं होतं.

ते लिहायला बसलो आणि हात टेकले. निवडुंगाबद्दल कितीही लिहितो, स्वतःबद्दल चार वाक्यं जमेनात. शेवटी असं झालं:

‘मी निवृत्त बसचालक. गच्चीत निवडुंग वाढवतो. माझे बरेच निवडुंग मी जास्त पाणी घालून मारले, तुमचे मरू नयेत म्हणून ही साइट. घरी मी आणि पत्नी. आम्हाला एक मुलगा आहे. तो कामानिमित्त परगावी असतो.’

सगळे लिहितात तसंच लिहिलंय. साइट आता बरीच मंडळी बघतात. कुणी कुणी प्रश्न विचारतात, मी उत्तरं देतो. अनोळखी माणसांपुढे घरातलं सगळं मांडायचं कशाला, असा विचार केला.

तुझ्या आईने वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. आत गेली आणि भांडी जरा जोरात ठेवू लागली. काय खटकलं ते मी विचारलं नाही.

हे पान अजून साइटवर चढवलेलं नाही. यात तुझा उल्लेख आहे, म्हणून तुला विचारल्याशिवाय चढवणार नाही. टेलरमास्तर, यावर तुम्ही खूण करू नका. हे पान वाचून दाखवा आणि त्याच्या उशाशी ठेवा. त्याला नको असेल ते त्याने खोडावं. काहीच नाही आलं तर मी ते पानच ठेवणार नाही. बिनमालकाचं दुकान चालू राहील.


१५ मे

पाकीट आलं त्याला चार दिवस झाले. मी ते फोडलं नाही. फ्रिजवर ठेवलं आणि येता जाता बघत राहिलो. तुला खोडायचंच असेल तर तू एकच वाक्य खोडशील, ‘आम्हाला एक मुलगा आहे’, हे मी मनाशी धरून बसलो होतो. पायऱ्यांवर तोंडाने बोललास ते आता पेन्सिलने करशील. ते हातात धरून बघायची माझी तयारी नव्हती. शेवटी तुझ्या आईने फोडलं. म्हणाली, तुमचं आता घाबरायचं वय राहिलंय का.

पान तिने वाचलं आणि माझ्या हातात दिलं. ‘हे त्याचंच अक्षर,’ म्हणाली.

त्या वाक्याला तू हात लावला नव्हतास. त्याच्या पुढच्या वाक्यातलं ‘कामानिमित्त परगावी असतो’ खोडलं होतंस. एकच सरळ रेघ. आणि वर, बारीक अक्षरांत, ‘तुरुंगात आहे’.

दुसरं काही नव्हतं. टेलरमास्तरांचं एक टिंबसुद्धा नव्हतं.

मी खुर्चीवर बसून राहिलो. भरल्या कोर्टात जे बोलताना माझी जीभ अडली नाही, ते घरात बसून, कुणी विचारलेलं नसताना, मी लपवलं होतं. तुझी लाज वाटली म्हणून लपवलं. हे तुला कळलं असणार. आणि तरी तू चिडून पान फाडलं नाहीस, नुसतं चुकीचं होतं तेवढं दुरुस्त केलंस. पोरा, मला रडू आलं. तुझी आई म्हणाली, रडा, मी भात टाकते.

दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन वर्गात गेलो. एका बोटाने टाइप केलं. बाई मागून बघत होत्या. त्यांना आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं, मी कधी सांगितलं नाही. त्या हळूच म्हणाल्या, ‘काका, हे असंच ठेवायचंय? सगळे वाचतील.’

मी म्हटलं, ‘असंच ठेवायचंय. माझ्या मुलाने तपासून दिलंय, तो यातलाच आहे.’

मग बटण दाबलं.

बाबा